पंखा बंद करा, मग रेकॉर्डचं बटण दाबा

आज सकाळी घरच्या ग्रुपवर आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाचा व्हिडिओ आला. कार्यालयावरून ड्रोन फिरवलाय, जिलबीच्या ताटावरून कॅमेरा सावकाश सरकलाय, औक्षणाच्या निरांजनांचं स्लो मोशन आहे. आणि या सगळ्याच्या मधोमध आत्या ओव्या म्हणतेय. जात्यावरच्या, तिच्या आईकडून आलेल्या. त्या ऐकूच येत नाहीत. डोक्यावर पंखा घरघरतोय, मागे वाढप्यांच्या बादल्या आपटतायत, आणि तरीही जे थोडं कानावर आलं असतं त्यावर एडिट करताना बासरी चढवलीय.

खाली पन्नास जणांचे हात जोडलेले आणि 'अप्रतिम'. काय अप्रतिम? ८१ वर्षांची बाई तोंड हलवताना दिसतेय, एवढंच.

व्हिडिओ करणाऱ्या तिच्या नातवाचा मला राग नाही. पोराने मनापासून केलंय, रात्र जागून एडिट केलंय. राग याचा आहे की फोन घेताना आपण मेगापिक्सेल विचारतो, लेन्स किती ते विचारतो, आणि त्यातला माइक कुठे असतो हे घरात एकालाही माहीत नसतं. चार्जिंगच्या भोकाशेजारी बारीक छिद्रं असतात, तिथे मुख्य माइक असतो. फोन आडवा धरला की नेमका तळहात तिथे बसतो. बहुतेक फोनांना मागे कॅमेऱ्याजवळही एक माइक असतो, त्यावर बोट किंवा कव्हर येतं. आधी हे बघा.

आणि अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो. आत्यापासून कॅमेरा दहा फुटांवर होता. तोच माइक तिच्या हनुवटीखाली एक वीत अंतरावर असता, तर तिचा आवाज वीस डेसिबलहून जास्त वर आला असता आणि पंख्याचा होता तेवढाच राहिला असता. कितीही महाग फोन घ्या, हा फरक फोन भरून काढत नाही. झूम केल्याने चेहरा जवळ येतो, आवाज दहा फुटांवरच राहतो. काही फोनांमध्ये आवाजाचाही झूम असतो, पण टाइल्सच्या घुमणाऱ्या हॉलमध्ये त्याचा फारसा उपयोग होत नाही.

ज्यांना पैसे खर्चायचे नाहीत त्यांनी घरातला जुना फोन काढावा. त्यात व्हॉइस रेकॉर्डर सुरू करायचा, फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, आणि बोलणाऱ्या माणसाच्या मांडीवर घडी केलेल्या टॉवेलवर ठेवायचा, चार्जिंगची बाजू तोंडाकडे करून. टॉवेल यासाठी की बांगड्या आणि हातांची हालचाल थेट फोनपर्यंत पोचत नाही. दोन्ही फोन सुरू झाले की कॅमेऱ्यासमोर एकदा खणखणीत टाळी वाजवा. एडिट करताना दोन्ही आवाजांत त्या टाळीचा उभा टोकदार आकार दिसतो, तो एकाखाली एक आणला की ओठ आणि आवाज जुळतात. शेवटी पुन्हा एक टाळी घ्या. फोनचे व्हिडिओ अनेकदा सेकंदाला नेमक्या तेवढ्याच फ्रेम धरत नाहीत, त्यामुळे लांब रेकॉर्डिंगमध्ये शेवटाकडे आवाज थोडा सरकतो; शेवटच्या टाळीवरून तो किती सरकलाय ते कळतं आणि मध्ये एके ठिकाणी कापून दुरुस्त करता येतो.

थोडा खर्च चालत असेल तर वायरचा कॉलर माइक घ्या, म्हणजे कपड्याला चिमट्याने लावायचा छोटा माइक. हजार रुपयांच्या आसपास बरा मिळतो. बिनवायरीचे चांगले असतात हे मान्य, पण चार्ज करायला विसरलं की संपलं, आणि घरच्या कामात माणूस खुर्चीवर बसलेला असतो, त्याला वायरचा त्रास नाही. पिन नीट बघून घ्या. फोनला लागणाऱ्या साडेतीन मिलिमीटरच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात. दोन रेघांची पिन कॅमेऱ्याची असते, ती फोनला थेट लावली तर बहुधा माइक ओळखलाच जात नाही. तारेवर डबीसारखं बटण असेल तर ते 'कॅमेरा'वर नाही ना, 'फोन'वर आहे ना, हे तपासा. फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सीचा जोड लागतो, पण स्वस्तातले काही जोड नुसतेच तारेचे असतात आणि बऱ्याच फोनांवर चालत नाहीत. दुकानातच लावून बघा.

आणि लावल्यावर माइकवर नखाने हळूच खरवडून दहा सेकंद रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून ऐका. खरखर मोठ्याने आली तर तो माइक चालू आहे. नाही आली तर फोन स्वतःचाच माइक वापरतोय. हा एक मिनिटाचा उद्योग लोक टाळतात आणि मग तासाभराचं रेकॉर्डिंग फुकट जातं.

साडीवर माइक लावणं हे वेगळंच काम आहे आणि ते कुठे नीट सांगितलेलं सापडत नाही. पदराच्या आत लावू नका, घासतो. पदरावर, छातीच्या मधोमध, हनुवटीपासून एक वीत खाली. जरीच्या काठावर नको, जर खरखरते. काठ सोडून साध्या कापडावर लावा. मंगळसूत्र, बोरमाळ, मोहनमाळ माइकवर आपटत असेल तर तेवढ्यापुरती पदराआड सारायला सांगा. चिमट्याखाली तारेचा एक छोटा वेढा घेऊन चिकटपट्टीने आतून लावला की तार ओढली गेली तरी धक्का माइकपर्यंत जात नाही. सदऱ्याला दुसऱ्या-तिसऱ्या बटणाजवळ लावा. आजोबांची मान एका बाजूला वळत असेल, कारण प्रश्न विचारणारा तिकडे बसलाय, तर माइकही तिकडे थोडा सरकवा.

आता पंखा. मला माहितीय, मे महिन्यात पंखा बंद करा म्हटलं की घरचे अंगावर येतात. म्हणून सकाळी सातला बसा. आधी अर्धा तास पंखा चालवून खोली गार करा, मग बंद. रेग्युलेटर एकवर आणून चालत नाही. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर कमी वेगात पंख्याची मोटर गुंऽऽ असा आवाज धरते आणि तो गुंजारव बोलण्याच्या खालच्या सुरांत मिसळतो, मग काढताना माणसाचा आवाजही पोकळ होतो. फ्रिजही बंद करा. आणि स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे बाहेर पडताना फ्रिज सुरू करायची आठवण राहते. आवाजाचं काम करणारे लोक हे वर्षानुवर्षं करतात. इन्व्हर्टर शेजारच्या खोलीत घरघरत असेल तर दार लावा.

हॉल नको. हॉलमध्ये टाइल्स, रिकाम्या भिंती, काचेचा टीपॉय, त्यामुळे प्रत्येक शब्द घुमतो. टाळी वाजवून बघा, मागे टणटण राहत असेल तर ती खोली सोडा. गाद्या, कपड्यांचं उघडं कपाट, जाड पडदे असलेली खोली बरी. कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या बाजूला दोन खुर्च्यांवर गोधड्या टाका, समोर सतरंजी पसरा. फुकटात एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

परत आत्याच्या व्हिडिओकडे येतो, कारण मला अजून राग आहे. ती बासरी कशाला? नव्वदच्या दशकातल्या आपल्या लग्नाच्या कॅसेटी आठवा. मंगलाष्टकं, रुखवतापुढची थट्टा, सासरी निघताना आईने मुलीच्या कानात काय सांगितलं, सगळं पुसून वर सिनेमाची गाणी. तेव्हा शूटिंगवाला बाहेरचा होता. आता तर घरचंच पोरगं करतंय, आणि तेही तेच करतंय. फक्त सिनेमाच्या गाण्याऐवजी बासरी.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रित आहेत, आणि 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर ऐकता येतात. ऐकून बघा एकदा. ओळ कुठे तोडली, कुठे श्वास घेतला, दुसरीने कुठून उचलली, हे कागदावर येत नाही. आणि आपल्याकडे खिशात रेकॉर्डर असताना घरातली ओवी पंख्याखाली गेली.

चित्राचं थोडक्यात सांगतो, कारण ते बहुतेकांना जमतं. म्हणजे जमतं असं वाटतं. खिडकी पाठीमागे नको. माणसाला खिडकीकडे थोडं तिरपं बसवा, म्हणजे एका गालावर उजेड आणि दुसऱ्यावर हलकी सावली येते. खिडकीचा उजेड पुरत असेल तर दिवे बंद करा, नाहीतर अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा पिवळा होतो. दिवे लावावेच लागले आणि चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले, तर दोष दिव्याचा एकट्याचा नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे साध्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फोन बहुधा ३० फ्रेमवर चालतो आणि त्याचा शटर त्या लुकलुकण्याशी जुळत नाही. प्रो व्हिडिओ मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंद करा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ इथे जाऊन पाल फॉरमॅट सुरू केलं की २५ फ्रेमचा पर्याय येतो.

फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, उजेड आणि फोकस दोन्ही कुलूपबंद होतात, नाहीतर कोणी पांढरा सदरा घालून मागून गेलं की आत्या काळी पडते. लेन्स सुती कापडाने पुसा, त्यावर तेलाचा हात असतोच. लेन्स डोळ्यांच्या उंचीवर, अंतर चार-पाच फूट. त्याहून जवळ गेलं की नाक मोठं दिसतं. ट्रायपॉड नसेल तर पुस्तकांच्या चळतीवर अर्धा किलो तांदळाची कापडी पिशवी आणि तिच्यात रुतवलेला फोन, हलत नाही. आडवा धरा. रीलसाठी उभा लागतो, ठीक आहे, रीलसाठी उभा धरा. पण हे रील नाही.

फोर-के लावायचा हट्टही सोडा. आयफोनच्या नव्या पद्धतीच्या फाइलमध्ये १०८०पी, ३० फ्रेमला मिनिटाला साधारण ६० एमबी लागतात, फोर-केला १७०. म्हणजे एक तास बोलणं साडेतीन जीबीत बसतं किंवा दहा जीबी खातं. मेमरी भरून मध्येच रेकॉर्डिंग थांबलं तर म्हाताऱ्या माणसाला पुन्हा त्या जागी आणता येत नाही. एअरप्लेन मोड इथेही लावा, फोन आला की अनेक फोनांत रेकॉर्डिंग तुटतं.

आता जरा शांत झालोय, तर मुख्य गोष्ट. विचारायचं कसं. 'आत्या, ओवी म्हण ना' असं म्हटलं की ती दोन ओळी म्हणते आणि लाजून थांबते. त्याऐवजी 'पहाटे दळायला कोण कोण बसायचं?' विचारा. माणसं आली की ओव्या मागून येतात. उत्तर चालू असताना 'हो का', 'अरे वा' म्हणू नका, ते माइकमध्ये तिच्या शब्दांवर बसतं. नुसती मान हलवा. ती थांबली की मनात पाच आकडे मोजा. बहुतेक वेळा ती पुन्हा बोलते, आणि ते आधीच्यापेक्षा खरं असतं. शेवटी तीस सेकंद कोणी काही न बोलता खोलीचा आवाज रेकॉर्ड करा, एडिट करताना तुकडे जोडायला तोच लागतो. मग हातांचे, जात्याच्या खुंट्याचे, फोटोंचे वेगळे शॉट घ्या, प्रत्येकी दहा सेकंद, कॅमेरा न हलवता. कापाकापी झाकायला हे पुरतात, संगीत लागत नाही.

गर्दीत, वरातीत, मुलांच्या खेळात हे सगळं जमणार नाही हे मलाही कळतं. तिथे जे मिळेल ते घ्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो. जोडणीत 'डॉक्युमेंट' निवडून पाठवा, दोन जीबीपर्यंत मूळ फाइल तशीच जाते. एडिट केलेला ठेवून मूळ पुसू नका, मूळच जपायचा असतो. फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस, मग माणसाचं नाव आणि गाव असू द्या. एक प्रत लॅपटॉपवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर. वर्षातून एकदा ती डिस्क जोडून फाइल उघडते का बघा. आणि घरात व्हीएचएस कॅसेटी असतील तर आधी त्या डिजिटल करून घ्या. त्या चालवणारं मशीन, म्हणजे व्हीसीआर, बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ सालीच उत्पादन थांबवलं. कोकणातल्या दमटपणात टेपला बुरशी धरते, आणि अशी कॅसेट तशीच मशीनमध्ये घातली की टेपही जाते आणि मशीनचं हेडही. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून पांढरे ठिपके दिसले तर घरी लावू नका, साफ करून देणाऱ्याकडेच द्या.