पंचर झाली हे सांगते काय?

परवाच्या रविवारी सायकलने वर्ध्याहून यवतमाळला निघालो आणि देवळीच्या पुढे एका टपरीवर चहाला थांबलो. इथवर सगळं ठीक होतं.

माझ्या सायकलला कंप्युटर आहे. घरीच केलेला. कॅरिअरवर 20 वॅटचं सोलर पॅनल, जुन्या लॅपटॉपच्या सेलची बॅटरी, स्पोकला लोहचुंबक आणि हँडलवर स्टीलच्या डब्यात रास्पबेरी पाय, म्हणजे तळहातावर मावणारा कंप्युटर. डब्यात पूर्वी शेवया असायच्या, हे आई अजून विसरलेली नाही. हा पाय 80 अंशांच्या वर तापला की आपसूक सुस्तावतो, म्हणून डब्यावर ओला दुपट्टा. थोडक्यात, सायकल आजारी दिसते.

बाकावरचा म्हातारा तंबाखू मळता मळता थांबला.

"झटका मशीन व्हय काय?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: रोही म्हणजे नीलगायी आणि रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तार ओढतात आणि तिच्यात सोलरवर चालणाऱ्या यंत्राने झटके सोडतात. पॅनल, बॅटरी, वायरी. फरक सांगणं खरंच अवघड आहे.

"नाही बाबाजी, कंप्युटर आहे."

"कितीची पडली?"

उत्तराची वाट न पाहता त्याने गवताची हिरवी काडी उपटली आणि माझ्या हँडलला टेकवली. झटका मशीन अशीच तपासतात. एकदा टेकवली, दोनदा टेकवली. मग टपरीवाल्याला म्हणाला, "बेकार हाय. काईच मारत नाई." आणि मला, "पैसे वापस माग बाबू. पोट्टे फसवतेत."

तोवर आठ-दहा जण जमले होते. एकाने न विचारता मोबाईल चार्जिंगला लावला. मी चिडून समजावायला लागलो. हीच चूक. वेग दाखवतो, अंतर मोजतो, तापमान सांगतो, आपण कुठं आहोत ते नकाशावर दाखवतो.

"वेग तं पायालेच समजते," म्हातारा म्हणाला. "ऊन टकुऱ्याले समजते. अन् देवळी मांगं गेली, थे त् मीबी सांगतो."

लोक हसले. मीही हसलो, पण खोटं.

अमेरिकेत स्टीव्हन रॉबर्ट्स नावाचा माणूस 1983 साली लॅपटॉप घेऊन सायकलवर निघाला. पुढे त्याने हँडलमध्येच बटणं बसवली आणि पायडल मारता मारता टाइप करू लागला. त्याची शेवटची सायकल, बेहेमॉथ, 105 गिअरची आणि 580 पौंडांची होती. म्हणजे अडीच क्विंटलच्या वर. आपल्याकडे एवढा कापूस बैलबंडीत भरतात. सगळ्या सायकली मिळून तो 17,000 मैल फिरला. त्याच्या हँडलला कोणी गवताची काडी लावल्याचं माझ्या वाचनात नाही.

आपल्याकडे घरी काही बनवलं की दोनच प्रश्न: कितीची पडली, आणि विकत का नाही आणली. चाळीस रात्री सोल्डरिंगचा धूर गिळला त्याचं काय? त्याचं काही नाही. चहाचे पैसेसुद्धा मीच दिले. मोबाईलवाल्याच्याही चहाचे.

निघताना म्हातारा मागच्या चाकाकडे पाहत होता.

"मंग हे पंचर झाली हे सांगते काय?"

"नाही."

"झाली हाय."

बाभळीचा काटा, मुळापर्यंत. स्क्रीनवर सगळं हिरवं. बॅटरी 81 टक्के.

पंचरवाला चार किलोमीटरवर. सायकल ढकलत निघालो. चाक फिरतंय म्हटल्यावर कंप्युटरने तेही इमानेइतबारे मोजलं, आणि वर्ध्यापासून सांभाळलेली ताशी 16 किलोमीटरची सरासरी तासाभरात 11 वर आणून ठेवली. मागून म्हातारा ओरडून कुणाला तरी सांगत होता, "झटका मशीनवाला हाय थो, पंचर झाला."

टायरमधली हवा मोजणारा सेन्सर काल मागवला आहे. तो बसेपर्यंत मी यवतमाळला एस.टी.ने जाणार.