गुणी पेशंट कसं व्हावं

पेशंट गुणी असेल तर हॉस्पिटल सुरळीत चालतं, हे जुनंच. आता हॉस्पिटलात कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे, म्हणजे आपल्यालाही वळण लावून घ्यायला हवं.

पहिला धडा काउंटरवर. दोरीने बांधलेलं पेन आणि अकरा पानी संमतिपत्र पुढ्यात येतं, रांगेतल्या मागच्या माणसाचा सुस्कारा मानेवर येतो. अशा वेळी वाचत बसणं हा शुद्ध असभ्यपणा. नवव्या पानावर, ‘सेवा सुधारण्यासाठी’ या शब्दांच्या आडोशाला, तुमचे रिपोर्ट, एक्स-रे आणि सगळी जुनी दुखणी आणखी कोणाकोणाकडे जातील ते लिहिलेलं असतं. तुम्ही फुली असेल तिथे सही करा. फुली आधीच मारून ठेवलेली असते, एवढी काळजी कोण घेतं हो आजकाल?

एखादा आगाऊ नातेवाईक म्हणेल, ‘माहिती बाहेर फुटली तर?’ त्याला सांगा, नावं काढून टाकतात. १९९७च्या सुमारास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी अशाच नावं काढून संशोधकांना दिल्या होत्या. लटान्या स्वीनी नावाच्या विद्यार्थिनीने मतदारयादी आणली, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवले आणि थेट गव्हर्नर विल्यम वेल्ड यांचीच नोंद हुडकून काढली. पण ते पडले गव्हर्नर. तुमच्या दुखण्यात कोणाला रस असणार? (विमा कंपनीला असेल. पण ती आपलीच माणसं.)

लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयांनी तर सुमारे १६ लाख रुग्णांच्या नोंदी गूगलच्या डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीला दिल्या, मूत्रपिंडाच्या आजाराची सूचना देणारं ॲप तपासून पाहायला. २०१७ मध्ये तिथल्या माहिती आयुक्तांनी ठपका ठेवला, की रुग्णांना हे पुरेसं सांगितलंच नव्हतं. नोंदी जात होत्या तेव्हा १६ लाखांत कोणी कुरकुर केली नाही, याला म्हणतात गुणी पेशंट. त्यांना पत्ताच नव्हता हे खरं, पण म्हणून त्यांच्या सहनशीलतेला कमी लेखू नये.

आता तपासणीची खोली. डॉक्टर स्क्रीनकडे बघत असतात. कोपऱ्यात एक हिरवा ठिपका आणि शेजारी यंत्राने काढलेला तुमच्या धोक्याचा आकडा : ०.१२. तो आकडा म्हणजे तुम्ही. ‘हे कुठून आलं?’ असं विचारू नका. पुष्कळदा ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं, आणि भल्या माणसाला असं उघडं पाडू नये.

आकडा चुकत नाही, गणित आहे ते. न्यूमोनियाच्या रुग्णांच्या नोंदींवर शिकलेल्या एका प्रणालीने निष्कर्ष काढला होता, की दमेकऱ्यांना मरणाचा धोका कमी. हिशेब बिनचूक! दमेकरी आला की डॉक्टर त्याला तडक अतिदक्षता विभागात नेत, म्हणून तो वाचे. यंत्राला एवढंच दिसलं, की दमेकरी वाचतात. हा घोळ वापरात येण्याआधीच सापडला, कारण त्या प्रणालीचे नियम माणसाला वाचता येत होते. हल्लीच्या पुष्कळशा यंत्रांनी ती गैरसोय ठेवलेली नाही.

अमेरिकेतल्या रुग्णालयांत सर्रास वापरलेली दुसरी एक प्रणाली कोणाला जादा देखभाल हवी ते सुचवायची. आजार मोजणं किचकट, म्हणून ती खर्च मोजायची. कृष्णवर्णीय रुग्णांवर आधीपासूनच कमी खर्च होत आलेला, सबब ते धडधाकट ठरले. २०१९ मध्ये संशोधकांनी ताळा करून पाहिला : हा दोष काढला तर जादा देखभाल मिळणाऱ्यांत त्यांचा वाटा १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल. आपण यातून एक घ्यावं, यंत्राच्या दृष्टीने ठणठणीत राहायचं असेल तर औषधपाण्यावर पैसे खर्चू नयेत.

वॉर्डात सिस्टरच्या टेबलावरचं यंत्र सारखं टुणटुणत असतं. जंतुसंसर्गातून उद्भवणारा जीवघेणा सेप्सिस होईल का हे सांगणारी अशी एक प्रणाली मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या नोंदींवर तपासली. २०२१ मध्ये निकाल आला : भरती झालेल्यांपैकी १८ टक्क्यांच्या बाबतीत तिने घंटा वाजवली, आणि ज्यांना खरोखर तो आजार झाला त्यांतले ६७ टक्के तिच्या नजरेतून निसटले. पण मुद्दा तो नाही. मुद्दा सिस्टरचा अंगठा. एका हातात सलाइनची बाटली, लक्ष दहा नंबरच्या खाटेकडे, आणि न बघता अंगठ्याने ती घंटा गप्प करते. या अंगठ्याला ‘मानवी देखरेख’ म्हणतात.

त्याची थोरवी कायद्यातही आहे. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या माहिती संरक्षणाच्या नियमांत कलम २२ आहे. केवळ यंत्राने घेतलेला, माणसावर मोठा परिणाम करणारा निर्णय आपल्यावर लादला जाऊ नये, असा हक्क ते देतं. ‘केवळ’ हा शब्द लाखमोलाचा. नुसता अंगठा टेकवणं म्हणजे माणसाने निर्णय घेणं नव्हे, असं तिथले जाणकार बजावतात, पण कागदोपत्री तो अंगठाही निर्णयासारखाच दिसतो.

तेव्हा पुढचे प्रश्न चुकूनही तोंडातून काढू नका. हे तुम्ही ठरवलं की यंत्राने? माझ्यासारख्या माणसांवर ते तपासलंय का? मला यंत्र नको असेल तर? चुकलं तर दाद कोणाकडे मागायची? या शेवटच्याने फार धावपळ होते. डॉक्टर कंपनीकडे बोट दाखवतात, कंपनी म्हणते आम्ही फक्त सुचवतो, ठरवतात डॉक्टर, आणि रुग्णालय नववं पान उलटून तुमचीच सही तुम्हाला दाखवतं.

विचारायची फारच खुमखुमी असेल तर जाताना पार्किंग कुठे आहे ते विचारा. वॉचमन खुर्चीतून उठतो, चार पावलं बरोबर येतो आणि हात लांब करून दाखवतो.