झोर्कीचा लायका करणं थांबवा!

पुन्हा तेच! विकायला ठेवलेला जुना कॅमेरा, सोनेरी मुलामा, माथ्यावर गरुड कोरलेला आणि खाली ‘महायुद्धातला दुर्मीळ लायका’, म्हणजे तो नामांकित जर्मन कॅमेरा! अहो, पैसे मोजण्याआधी लेन्स काढून आत बघा की! रेंजफाइंडरच्या (अंतर मोजून फोकस जुळवणाऱ्या यंत्रणेच्या) दांडीच्या टोकाला लायकात गोल चाक असतं. इथे तिकोनी पाचर दिसते, म्हणजे हा लायकावरून बेतलेला सोव्हिएत कॅमेरा, फेड नाहीतर झोर्की.

खोटेपणाची चीड येतेच, पण त्याहून जास्त जीव जळतो तो त्या कॅमेऱ्यासाठी. खारकीव्हमध्ये १९३४ पासून बनलेला फेड स्वतःच्या नावावर उत्तम फोटो काढतो. त्याचं मूळ नाव घासून पुसायचं, खोटा शिक्का मारायचा आणि वाट्टेल तो भाव लावायचा! मुलाम्याखाली गेलेला तो फेड परत कसा मिळणार?