स्क्वेल्च १ वरच का? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार.

प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत आणि तिखटही. बरं झालं. ‘छान माहिती, लिहीत राहा’ एवढ्याने कुणाचा सेट नीट चालायला लागत नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: यूव्ही-५आर जातीच्या हँडीत, म्हणजे हातातल्या वायरलेस सेटमध्ये, चॅनेल कसे भरायचे ते सांगताना मी स्क्वेल्च (किती कमजोर सिग्नलपर्यंत स्पीकर उघडायचा ते ठरवणारा आकडा) १ वर ठेवा, ट्रान्समिट टोन टाका आणि रिसीव्ह टोन बंद ठेवा, असं लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की स्क्वेल्च १ म्हणजे दिवसभर कानाशी खरखर आणि वर बॅटरीचा खप, नवख्याने सरळ ५ किंवा ७ करावा. टोन दोन्हीकडे टाकला नाही तर परके लोक आपलं बोलणं ऐकतात. आणि कीपॅडवरून चॅनेल भरायला लावणं म्हणजे लेखकाची हौस, संगणकावर ते दोन मिनिटांचं काम. पुरावा म्हणून तुम्ही तुमच्या ट्रेकचा अनुभव दिलात: स्क्वेल्च १ वर असताना एका गड्याचा आवाज तो जोरात बोलला की मधेच तुटत होता.

आधी टोनचं घेऊ, कारण तिथला गैरसमज नुसता त्रासदायक नाही, घातक आहे.

सीटीसीएसएस टोन म्हणजे ६७ हर्ट्झपासून साधारण २५० हर्ट्झपर्यंतचा एक बारीक, सलग सूर. पीटीटी, म्हणजे बोलताना दाबायचं बटण, दाबलेलं असेपर्यंत तो तुमच्या आवाजाच्या खालून जात राहतो. ज्या सेटमध्ये रिसीव्ह टोन लावलाय, तो हा सूर सापडल्याशिवाय स्पीकर उघडत नाही. एवढंच. आवाजाला कुलूप वगैरे काही लागत नाही. रिसीव्ह टोन बंद असलेला कुठलाही सेट त्या फ्रिक्वेन्सीवर आणला की तुमचं अक्षरन्‌अक्षर ऐकू येतं. कानात बोळे घातल्याने शेजारी आपलं भांडण ऐकायचे थांबत नाहीत, तसंच हे. परवाना न लागणाऱ्या स्वस्त वॉकीटॉकींच्या खोक्यावर ‘३८ प्रायव्हसी कोड’ असं छापलेलं असतं. ते ३८ कोड म्हणजे हेच टोन.

ऐकणारे ऐकतातच, वर तुम्ही मात्र बहिरे होता. त्याच फ्रिक्वेन्सीवर दुसरा गट बोलत असला तरी तुमचा सेट गप्प. चॅनेल मोकळा समजून तुम्ही पीटीटी दाबता आणि त्यांच्या बोलण्यावर चढता. हे सेट ज्या एफएम पद्धतीने बोलतात तिच्यात जो सिग्नल जोरदार तो कमजोराला दाबून टाकतो, त्यामुळे त्यांचं वाक्य अर्धवट राहतं आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही. गाड्यांत बसवायच्या कित्येक व्यावसायिक सेटमध्ये म्हणूनच अशी सोय असते की माईक हुकवरून उचलला की टोनची अट आपोआप सुटते. बोलण्याआधी चॅनेलवर काय चाललंय ते ऐकलंच पाहिजे. आपल्या हँडीला हुक नाही. डाव्या कडेचं मॉनिटर बटण आहे, पण प्रत्येक वेळी ते आठवणीने दाबणारा माणूस मला अजून भेटायचाय.

आणखी एक. टोन ओळखायला सेटला सेकंदाचा काही भाग लागतो. तेवढ्यात बोलणाऱ्याचा पहिला शब्द गेलेला असतो. आता समजा, सांदण दरीच्या तोंडाशी उभा असलेला माणूस खालच्याला सांगतोय, ‘नका उतरू, पाऊस आलाय.’ यातलं ‘नका’ गेलं तर काय उरतं? मान्य आहे, पीटीटी दाबून क्षणभर थांबून बोलावं. पण घाबरलेला माणूस थांबत नाही. आणि मदतीसाठी हाक मारणारा दुसऱ्या गटातला, तुमचा टोन माहीत नसलेला असेल तर तुमच्या सेटवर त्याचा एक शब्दही येणार नाही.

ट्रान्समिट टोनची गोष्ट वेगळी. रिपीटर (आपला सिग्नल पकडून पुन्हा दूरवर पाठवणारं केंद्र) त्याशिवाय उघडतच नसेल तर तो टाकावाच लागतो. गटासाठी एखादा टोन निवडायचा असला तर १००.० तेवढा टाळा. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्या गुणगुणीचा १०० हर्ट्झ अगदी त्याच जागी येऊन बसतो.

आता स्क्वेल्च. तो वाढवल्याने येणारा सिग्नल काही स्वच्छ होत नाही. सिग्नल आहे तसाच राहतो, फक्त कितपत कमजोर असला तर तुम्हाला ऐकवायचा नाही, एवढं ठरतं. व्हीएचएफ लहरींचं, म्हणजे आपले सेट ज्यांवर बोलतात त्यांचं, सगळं नजरेच्या टप्प्यावर असतं. डोंगराच्या सोंडेमागे गेलेल्या माणसाचा सिग्नल खरखरीत मिसळूनच येणार. स्क्वेल्च १ वर तुम्हाला खरखरीतून का होईना, ‘पाय मुरगळला’ एवढं कळतं. ७ वर काही कळत नाही, आणि तो ठीक आहे म्हणून बोलत नसेल, असं तुम्ही समजता.

बॅटरीचा तुमचा मुद्दा मात्र बरोबर आहे, म्हणूनच मी ० म्हटलं नव्हतं, १ म्हटलं होतं. ० वर स्पीकर कायम उघडा, त्यामुळे बॅटरी वाचवणारी सोय कामच करत नाही. स्क्वेल्चने स्पीकर मिटलेला असताना सेट मधूनमधून डुलकी काढतो, ती त्याला ० वर मिळत नाही. १ वरही खरखर थांबत नसेल तर आधी आजूबाजूला बघा. मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवा, गाडीतलं काहीतरी. दोन पावलं बाजूला झाल्यावर थांबली तर स्क्वेल्चला हात लावायची गरजच नाही. शिवाय या सेटमध्ये कारखान्यातून १ ते ९ या पायऱ्या इतक्या जवळजवळ लावलेल्या येतात की १ आणि ५ यांत अनेकांना फरकच जाणवत नाही. चर्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हिस सेटिंग्जच्या पानावर त्या दोन्ही बँडसाठी वेगवेगळ्या बदलता येतात. संगणकाच्या बाजूने बोलताना हा मुद्दा तुम्ही मांडायला हवा होता, तो तुमच्या फायद्याचा होता!

तुटणाऱ्या आवाजाबद्दल. तुम्ही लिहिलंयत की गटात दोन नवे हँडी आणि बाकी जुने व्यावसायिक सेट होते, आणि तुटणं फक्त जोरात बोलताना व्हायचं. हळू बोललं की ठीक. हे वाचून माझा संशय स्क्वेल्चच्या आकड्यावर नाही, पाचव्या मेनूवर आहे: वाइड की नॅरो, म्हणजे चॅनेलची रुंदी. हँडी वाइडवर म्हणजे २५ किलोहर्ट्झवर आणि जुने सेट १२.५ वर असणार. जोरात बोललं की एफएमचा झोका मोठा होतो, नॅरो सेटच्या गाळणीबाहेर जातो आणि आत जे उरतं त्यात गोंगाट भरतो. जुन्या सेटचं स्क्वेल्च बोलण्याच्या वरच्या पट्टीतला गोंगाट मोजून ठरवतं की सिग्नल आहे की नाही. तिथे गोंगाट वाढला की त्याला वाटतं सिग्नल गेला, आणि ते दार लावून घेतं. म्हणून नेमका आरडाओरडा केला की आवाज जातो. तिथे स्क्वेल्च आणखी घट्ट केलंत तर जास्तच तुटेल. सगळे सेट नॅरो करून पाहा आणि माईक तोंडापासून चार बोटं लांब धरा.

कीपॅडची हौस नव्हे, गरज आहे, कारण गडावर लॅपटॉप नसतो. व्हीएफओ बटणाने फ्रिक्वेन्सी मोड, वरची ओळ. समजा रिपीटर १४५.६५० मेगाहर्ट्झवर ऐकवतो. ती फ्रिक्वेन्सी टाका, मेनू ११ मध्ये रिसीव्ह टोन ऑफ, १३ मध्ये रिपीटरचा टोन, मग २७ मध्ये रिकामा चॅनेल निवडून जपा. आता रिपीटर ज्यावर ऐकतो ती ६०० किलोहर्ट्झ खालची, म्हणजे १४५.०५० टाका आणि पुन्हा २७ मध्ये त्याच चॅनेलवर जपा. दुसऱ्यांदा जपलेली फ्रिक्वेन्सी बोलण्याची ठरते. बहुतेक जण हा दुसरा फेरा विसरतात आणि मग रिपीटर बंद आहे म्हणून गावभर सांगतात. चॅनेल आधी भरलेला असेल तर २८ मधून पुसून घ्या. आणि चॅनेल मोडमध्ये राहून केलेले बदल टिकतील या भरवशावर राहू नका.

हे सगळं गटातल्या बोलणाऱ्या प्रत्येकाकडे हॅमचा (हौशी रेडिओचा) परवाना आहे असं धरून. नसेल तर हा सेट वापरूच नका. ४४६ मेगाहर्ट्झचे कमी ताकदीचे परवानामुक्त सेट घ्या, त्यांवरही टोनबद्दल वरचंच लागू.

शेवटी तुम्ही विचारलंयत की प्रत्येक चॅनेलला वेगळा स्क्वेल्च ठेवता येतो का. या सेटमध्ये नाही. टोन, वाइड-नॅरो, ताकद हे चॅनेलगणिक जपलं जातं, पण स्क्वेल्च अख्ख्या सेटला एकच.