वडिलांचा ट्रस्ट, सुनेचा हिस्सा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात सोडचिठ्ठीची बोलणी सुरू झाली की मुलाकडची मंडळी म्हणतात, ‘त्याच्या नावावर आहेच काय? सगळं ट्रस्टचं.’ मुलीकडचे विचारतात, ‘मग तिचा अर्धा हिस्सा?’ खरं तर जो हिस्सा कायद्यात नाहीच, त्यावर भांडण चाललंय. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता असा प्रकारच नाही. कलम २७ लग्नात दोघांना मिळून आलेल्या वस्तूंपुरतं. बाकी सगळा मामला कलम २५च्या पोटगीचा. नवऱ्याच्या स्थावरात (वारसाने आलेलं सोडून) बायकोला वाटा सुचवणारं विधेयक २०१३ला राज्यसभेत मंजूर झालं, पण लोकसभेची मुदत संपली आणि तेही विरलं. चोर्ला घाटाखाली गोव्यात मात्र, वेगळा करार नसेल तर पोर्तुगीज काळापासून दोघांचं सगळं सामाईक. नुसता घाट उतरून तो कायदा लागू होत नाही, एवढंच.

घटस्फोटाचा दावा इंग्लंडमध्ये चालला तर हाच ट्रस्ट टेबलावर येतो. समजा, निपाणीच्या वखारीचा ट्रस्ट आहे. वडिलांनी केलेला, ट्रस्टी दोघे काका, लाभार्थी सगळी नातवंडं-मुलं, आणि कुणाला किती द्यायचं ते ट्रस्टींच्या मर्जीवर. मुलगा इंग्लंडात, रेडिंगला. तिथल्या १९७३च्या घटस्फोटविषयक कायद्याच्या कलम २५मध्ये ‘आर्थिक साधनं’ असा शब्द आहे. मालकी त्याहून लहान गोष्ट. न्यायाधीश विचारतात ते एवढंच: याने उद्या पैसे मागितले तर काका देतील का? उत्तर दस्तात कमी आणि बँकेच्या स्टेटमेंटमध्ये जास्त सापडतं. घराच्या डिपॉझिटला ४०,००० पौंड वखारीतून आले, गाडीला आले, आणि ‘उसने’ म्हणून आलेले कधी परत गेले नाहीत, तर तो ट्रस्ट त्याची तिजोरीच. उलट दहा वर्षांत दमडी आली नसेल आणि चुलत भावंडांचाही तितकाच हक्क असेल, तर कोर्ट जपून चालतं.

ट्रस्ट या जोडप्यासाठीच केलेला असेल, त्यांचं राहतं घरच त्यात असेल, तर त्याच कायद्याच्या कलम २४खाली कोर्ट ट्रस्टच्या अटीच बदलू शकतं. निपाणीच्या काकांवर मात्र लंडनचा हुकूम चालवणं अवघड. म्हणून कोर्ट वखारीची किंमत धरतं आणि इंग्लंडमधल्या घरात, पेन्शनमध्ये बायकोचा वाटा वाढवतं. वखार शाबूत राहते, रेडिंगचं घर जातं. आणि मुलाने स्वतःची मालमत्ता दाव्याआधीच्या तीन वर्षांत ट्रस्टमध्ये सरकवली असेल, तर ते बायकोला डावलण्यासाठीच, असं कलम ३७खाली कोर्ट गृहीत धरू शकतं. तसं नव्हतं हे सिद्ध करणं त्याच्या गळ्यात.

आपल्याकडचा घोळ वेगळा. स्टॅम्पपेपरवर ‘ट्रस्ट केला’ आणि कागद कपाटात. स्थावराचा ट्रस्ट (मृत्युपत्राने केला नसेल तर) नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही. १८८२च्या भारतीय ट्रस्ट कायद्याचं कलम ५ तेच सांगतं. आरटीसीच्या (कर्नाटकातला सातबारा) ९ नंबरच्या रकान्यात अजून वडिलांचंच नाव असतं. ते मृत्युपत्राशिवाय गेले की जमीन वारसाने उतरते आणि मुलाचा हिस्सा त्याचा स्वतःचा होतो. जे लपवायचं होतं तेच उघड्यावर. शिवाय जमीन एकत्र कुटुंबाची असेल तर वडील एकट्याने ती सगळी ट्रस्टला देऊ शकत नाहीत. मुलींचा जन्मसिद्ध हक्क कर्नाटकात १९९४पासून आहे.

अर्ध्या हिश्शाचा कायदा आला तरी ट्रस्टचं कुलूप तसंच राहील, असं मला वाटतं. नेटानं मागायचं ते उघडेपण. २०२०मध्ये सुप्रीम कोर्टाने पोटगीच्या दाव्यात दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. त्याला ट्रस्टचा दस्त, नंतरच्या दुरुस्त्या आणि पाच वर्षांचे हिशेब जोडायला लावले पाहिजेत. इंग्लंडच्या ‘फॉर्म ई’मध्ये (घटस्फोटाच्या दाव्यात मालमत्ता जाहीर करण्याचा अर्ज) ट्रस्टमधला हक्क लिहावाच लागतो, बारा महिन्यांची बँक स्टेटमेंट जोडावी लागतात, आणि लपवाछपवी नंतर सापडली तर झालेला निकालही उघडतो.

परदेशात दावा चालू असलेल्यांनी दस्ताची प्रमाणित नक्कल सब-रजिस्ट्रारकडून आताच काढावी. दस्त कन्नडमध्ये असेल तर इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून घ्यावं. आणि दस्तात पहिल्यांदा एकच कलम शोधावं: ट्रस्टी बदलण्याचा अधिकार कुणाला. तो मुलाच्या हातात असेल तर काकांच्या मर्जीला फारसा अर्थ उरत नाही.