जेवलास काय रे?

मेडिकल कॉलेजातल्या विभागप्रमुखाच्या कामांवरचा एक लेख वाचला. त्यात शिकवणं, लॉगबुक (विद्यार्थ्याच्या कामाची नोंदवही), थिसिस आणि परीक्षा एवढीच कामं मांडली आहेत. कोल्हापुरात बारा वर्षं मेडिसिनचा विभाग सांभाळला, म्हणून लिहितो. खरं काम यातल्या कुठल्याच कागदावर येत नाही.

नाइट ड्युटी करून आलेल्या रेसिडेंट पोराला, म्हणजे वॉर्डात काम करत एमडी शिकणाऱ्या डॉक्टरला, राउंडआधी "जेवलास काय रे?" विचारायचं, आणि उत्तर ऐकायला थांबायचं. लातूर-नांदेडहून आलेली मुलगी चार दिवस गप्प असेल तर ते दिसलं पाहिजे. पहिला पेशंट हातात दगावला की ज्युनियरला एकटं सोडायचं नाही. नातेवाईक चिडून वॉर्डात शिरले तर प्रमुखानं पुढं व्हायचं, रेसिडेंटनं नव्हे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद होता, पोरांच्या घरून फोनवर फोन येत होते. तेव्हा ड्युटी लावण्याइतकंच आई-वडिलांशी बोलणं गरजेचं होतं, ते मी केलं.

१९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला ४८ तास लिहिलेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या (एनएमसी) २०२३ च्या नियमांत 'वाजवी तास' आणि आठवड्याची एक सुट्टी आहे. पण ड्युटीचा तक्ता सीनियर रेसिडेंट लावतो आणि सगळ्यात नवीन पोराची सुट्टी आधी कापली जाते. माझ्याच विभागात एकानं सलग दीड दिवस काम केलं होतं. मला ते तो चक्कर येऊन पडल्यावर कळलं. त्यानंतर तक्ता दर रविवारी मी स्वतः बघायला लागलो.

नव्या प्रमुखांना हे कुणी सांगतं का? मला तरी कुणी सांगितलं नव्हतं.