‘कोरडा चर दाखवून पैसे घेतले’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

न्यूयॉर्क राज्यातल्या जुन्या ईरी कालव्याकाठच्या आमच्या सायकल सहलीला दोन तारे देऊन तुम्ही लिहिलंत, ‘ईरी कालव्याच्या नावाखाली दिवसभर कोरडा चर दाखवला. गावांच्या नावात पोर्ट, पण एक होडी दिसेल तर शपथ. वर जेवण तीन वाजता.’

आधी जेवणाचं. चूक सर्वस्वी आमची. जॉर्डन गावात दोन सायकली पंक्चर झाल्या, जादा ट्यूब एकच होती, सव्वा तास तिथेच गेला. तुमच्या सासूबाईंना ताटकळावं लागलं याचं वाईट वाटतं. त्या दिवसाचे निम्मे पैसे परत पाठवले आहेत.

चराबद्दल मात्र थोडं बोलतो. तो चर म्हणजेच कालवा. 1918 मध्ये न्यूयॉर्क राज्याने मोठ्या मालवाहू होड्यांसाठी नवा बार्ज कालवा सुरू केला, तेव्हा या भागातली वाहतूक सेनेका नदीतून वळवली. जॉर्डन, वीड्सपोर्ट, पोर्ट बायरन या गावांच्या दारातून जाणारं पाणी गेलं ते गेलंच. जॉर्डनमध्ये तर गावाच्या मधोमध त्याच पात्रात आज बाग आहे. आपण पंक्चर काढत बसलो होतो ती जागा तीच. पण आमच्या जाहिरातीत फोटो लॉकपोर्ट या दुसऱ्याच गावातल्या कालव्याचा होता, पाण्याने भरलेला, होड्यांसकट. तो बघून कुणीही फसेल. फोटो काढून टाकला आहे.

आता नावातलं ‘पोर्ट’. वीड्सपोर्टचं आधीचं नाव वीड्स बेसिन. वीड नावाच्या दोघा भावांनी कालव्याला लागून एक बेसिन खोदलं, म्हणजे होड्या बाजूला घेऊन माल चढवा-उतरवायची जागा. गाव वाढलं ते त्या बेसिनभोवती. या वाटेवरच्या बहुतेक वस्त्या अशाच कुठल्यातरी थांब्यामुळे वसल्या. लॉक म्हणजे पाणी कमी-जास्त करून होडी वर-खाली नेणारा दारांचा हौद; तिथे होड्यांची रांग लागायची, की किराणा आणि गुत्ता आलाच. होड्या ओढणारी खेचरं दमली की बदलायची, तिथे तबेला आणि लोहार. पोर्ट बायरनला तुम्ही जी इमारत ‘जुनाट हॉटेल’ म्हणून दोन मिनिटांत उरकलीत, ते 1894 चं ईरी हाउस हे याचंच नमुनेदार उदाहरण: खाली गुत्ता, वर मुक्कामाच्या खोल्या, आवारात खेचरांचा तबेला आणि लोहारशाळा. हिवाळ्यात कालवा रिकामा करायचे, तेव्हा हा सगळा धंदा वसंतापर्यंत थंड.

तिथेच 52 क्रमांकाच्या लॉकच्या भिंतीत तुमचा मुलगा एका खोलगट खाचेत पाठ टेकून उभा राहिला होता, आठवतंय? लॉकचं लाकडी दार उघडलं की भिंतीत बसावं म्हणून केलेली ती जागा. तुम्ही ‘कपडे मळतील’ म्हणून त्याला बाहेर बोलावलंत. दिवसभरात कालवा इतक्या जवळून बघणारा तो एकटाच होता, असं मला आपलं वाटतं.

एक चूक तुमच्या नजरेतून सुटली, ती मीच सांगतो. आमच्या गाईडने ते लॉक 1825 चं, म्हणजे मूळ कालव्याच्या वेळचं असल्याचं सांगितलं. ते 1836 ते 1862 च्या रुंदीकरणातलं आहे. मूळ कालवा 40 फूट रुंद आणि 4 फूट खोल होता. नंतरचा 70 फूट रुंद, 7 फूट खोल. लॉकही 90 बाय 15 फुटांवरून 110 बाय 18 झालं. गाईडशी बोललो आहे.

मॉन्टेझुमाच्या जलसेतूपाशी, म्हणजे कालवा सेनेका नदीवरून नेणाऱ्या पुलापाशी, उशीर झाल्याने तुम्ही गाडीतून उतरला नाहीत. त्याला 31 कमानी होत्या, नदीतून होड्या जाव्यात म्हणून 1917 मध्ये बऱ्याचशा पाडल्या. उरलेल्या दिसतात.

पुढच्या हंगामापासून सुरुवात कॅमिलसहून करतोय. तिथल्या नाइन माइल क्रीकवरच्या जलसेतूची दुरुस्ती 2009 मध्ये झाली, त्यातून आता होडी जाते. तुम्ही यायचं म्हणालात तर त्या टप्प्याचे पैसे घेणार नाही. ट्यूबा सहा घेतल्या आहेत, जेवण बारा वाजता.